हरीओमसाठी कंपनी पाहणे आहे

नानाजी मुलासाठी बारावी कंपनी पाहायला निघाले होते, आणि हीसुद्धा मोडणार हे हरीओमला दाढी करता करताच कळलं होतं.

बाहेर आभाळ चार दिवसांपासून गच्च होतं. पडतही नव्हतं आणि हटतही नव्हतं. नानाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशात चष्मा, पेन आणि लहानशी डायरी ठेवली आणि बायकोला हाक मारली.

"दही दे वं पोराच्या हातावर. कामाले चाललं."

"अकरा डाव देलं," चतुराबाई आतून म्हणाल्या. "आता माहा दह्यावरचा इस्वास उडाला."

तरी त्यांनी दही दिलं. हरीओमने ते चाटलं आणि हात धुतला.

हरीओमला ट्रक ड्रायव्हर व्हायचं होतं. बी.ए. होऊन तीन वर्षं झाली होती, दोन पोलीस भरत्यांमध्ये पळून झालं होतं आणि आता मनात हे एकच उरलं होतं. हलक्या गाडीचं लायसन त्याच्याकडे होतं. पण भरलेला ट्रक घाटातून कसा उतरवायचा हे लायसनवर लिहिलेलं नसतं. ड्रायव्हिंग स्कूल कागद देते. विद्या मिळते ती ट्रान्सपोर्ट कंपनीत. तिथे नवखा मुलगा आधी क्लीनर म्हणून लागतो. काचा पुसतो, टायर ठोकून हवा पाहतो, गाडी मागे घेताना खाली उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो. मग लायसनचे सोपस्कार झाले आणि उस्तादाची, म्हणजे शिकवणाऱ्या ड्रायव्हरची, मर्जी बसली की एखाद्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा स्टेअरिंग हातात येतं. अडचण एवढीच, की पंचवीस ओलांडलेल्या नवख्याला कोणी घेत नाही. त्या वयाचा माणूस निमूट बोलणी ऐकत नाही, असा या धंद्यातला अनुभव आहे. हरीओमला पंचवीस पूर्ण व्हायला सात आठवडे उरले होते.

दुसरी अडचण म्हणजे नानाजी.

नानाजींनी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बहुतेक मंगरूळपीर ते मानोरा या एकाच रस्त्यावर. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. निवृत्तीनंतर तीन वर्षं हाताला काम नव्हतं, म्हणून पोराला चांगली कंपनी पाहून देण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. लोक मुलीसाठी स्थळ पाहतात तशी ते कंपनी पाहत. माणसं कशी आहेत, उस्तादाला व्यसन काय, जेवल्यावर किती वेळाने गाडीवर बसतो, डोळे शेवटचे कधी तपासले. पहिल्या कंपनीचा उस्ताद स्लीपर घालून गाडी चालवत होता, म्हणून ती मोडली. दुसरीच्या ऑफिसातलं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं. तिसरीत नानाजींनी विचारलं, "घाटात ब्रेक लागला नाही तं काय करता?" उस्तादाने समोरच्या फोटोकडे पाहून हात जोडले. नानाजी चहा न पिता उठले.

एकदा हरीओम चोरून एकटाच वाशीमला जाऊन एका कंपनीत लागूनही आला होता. दुसऱ्या दिवशी नानाजी तिथे पोहोचले आणि त्यांनी उस्तादाला रस्त्यावरचे बोर्ड कागदावर काढून ओळखायला लावले. उस्ताद दोन बोर्डांना चुकला. तिसऱ्या दिवशी कंपनीने हरीओमला घरी पाठवलं.

"आज तरी काही बोलू नोका, बाबा," रस्त्याने जाताना हरीओम म्हणाला. "सातच हप्ते राह्यले माह्ये."

"मी कायले बोलू? पाहाचं तेवढं पाहीन."

"पाहू बी नोका जादा."

"मंग काय डोळे मिटून बसू?"

हरीओमला ती कल्पना वाईट वाटली नाही. 

गुलाम नबी यांचं ऑफिस धान्याच्या बाजाराला लागून होतं. सहा ट्रक, एक टेबल, दोन बाकडी आणि टेबलामागे बशीतून चहा पिणारे, पांढऱ्या दाढीचे गुलाम नबी. तालुक्यात त्यांचं नाव चांगलं होतं. वर्षाला एकच नवा मुलगा ते घेत, त्याला नीट शिकवत आणि जड वाहनाचं लायसन मिळेपर्यंत मागे लागत.

"या, नानाजी, बसा," ते म्हणाले. "हरीओम, तुले सांगून ठेवतो बेटा. बारा वाजता केनवडहून नवीन नावाचा एक पोट्टा येऊन राह्यला. घेनार मी एकालेच. आता बादल उस्ताद मानोऱ्याकडं शाळेचे बेंच घेऊन चालला, तू त्याच्यासंग जाय. वापस आल्यावर बादल सांगन, हो का नाही. त्यात माहं बी चालत नाही."

"मी बी संग जातो," नानाजी म्हणाले.

"तुमी कायले?"

"उस्ताद पाहाले."

"अवो, उस्ताद पोराले पाह्यनार हाय."

"तो पोराले पाहीन, मी त्याले पाहीन. एकाच खेपेत दोन्ही कामं होतीन."

गुलाम नबींनी बशी खाली ठेवली आणि हरीओमकडे पाहिलं. हरीओम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

बादल उस्ताद चाळिशीचा, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा. गालात सुपारी आणि स्टेअरिंगवर एकच हात, अशी त्याची बैठक होती. मागच्या उघड्या हौद्यात नवे बाक दोरीने बांधले होते. नवा रंग खरचटू नये म्हणून ते एकावर एक न रचता ओळीने, वर्गात मांडावेत तसे उभे केले होते. मध्ये चालायला बोळ सोडली होती. माल मानोऱ्याच्या अलीकडच्या, रस्त्याला लागूनच असलेल्या एका हायस्कूलचा होता.

नानाजींनी शब्द पाळला. गावाबाहेर पडेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त वळण आलं की त्यांचा उजवा पाय केबिनच्या पत्र्यावर जोरात दाबला जाई, जणू तिथेही एक ब्रेक होता. खड्डा आला की ते तोंडाने हळूच 'च्च' करत. समोरून जीप आली की श्वास आत घेत आणि ती निघून गेल्यावर सोडत.

"काका, काही चुकून राह्यलं का माहं?" बादलने विचारलं.

"मी काय बोललो का?"

"बोलले असते तं बरं झालं असतं."

नानाजींनी डायरी काढून काहीतरी लिहिलं. बादल तिरप्या नजरेने डायरीत डोकावला.

"काय लिवून राह्यले?"

"काही नाही. तुमी समोर पाहा."

बादलने पाऊण किलोमीटर समोर पाहिलं. मग नानाजींनी पुन्हा पेनचं टोपण काढलं आणि बादलने ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केला. खिडकीतून पिंक टाकली. "घ्या," तो म्हणाला. "तुमीच चालवा. मी लिवतो आता."

हरीओमने डोळे मिटले. बाबा नाही म्हणतील, माफी मागतील, निदान लाजतील, असं त्याला क्षणभर वाटलं. नानाजींनी वरच्या खिशातून जड वाहनाचं लायसन काढून बादलला दाखवलं. मागच्याच महिन्यात त्यांनी त्याची मुदत वाढवून घेतली होती. बादल सरकला, नानाजी स्टेअरिंगवर बसले, आरसे नीट केले, सीट पुढे ओढली, चष्मा पुसला. गाडी सुरू केली. गिअर टाकला.

ट्रक जागचा हलेना.

"काय झालं, काका?" बादलने विचारलं.

नानाजी समोर पाहत बसून होते. डावा पाय क्लचवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, कान मागे.

एसटीत ड्रायव्हर स्वतःच्या मनाने गाडी हलवत नाही. कंडक्टर एकदा दोरी ओढतो तेव्हा थांबायचं, दोनदा ओढतो तेव्हा निघायचं. एकतीस वर्षं मागून दोन घंट्या ऐकल्याखेरीज नानाजींनी क्लच सोडला नव्हता. ट्रकला घंटी नसते हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या पायाला माहीत नव्हतं.

हे फक्त हरीओमला कळलं. त्याने खिडकीबाहेर हात काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. ट्रक अलगद निघाला. आज आपण क्लीनरसुद्धा झालो नाही, कंडक्टर झालो, एवढं त्याच्या लक्षात आलं आणि त्याला फार उदास वाटलं.

नानाजी चालवत मात्र सुरेख होते. खड्डा यायच्या आधी गाडी हळू होई, वळणावर बाक हलत नसत. दोन किलोमीटर झाल्यावर बादलच्याही चेहऱ्यावरचा राग थोडा उतरला. तेवढ्यात एक फाटा आला आणि नानाजींच्या पायाने ब्रेक लावला.

फाट्यावरच्या निवाऱ्यात मनकर्णाबाई नावाच्या म्हातारबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या डोळे दाखवायला मानोऱ्याला निघाल्या होत्या. ट्रक बरोबर त्यांच्यासमोर, बसचं दार यावं तिथे थांबला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"नानाजी होय ना? तुमी तं रिटायर झाल्ते म्हने."

"झालो, मावशी."

"मंग ही कोनती गाडी देली तुमाले?"

"काका, चाला," बादल म्हणाला. "मालगाडी हाय ही. बाईची बस येईन."

"म्हातारं मानूस उभं हाय."

"तिनं हात बी नाही दाखवला."

"माह्या गाडीले ती कवाच हात दाखवत नाही," नानाजी म्हणाले. "मी थांबतोच."

मनकर्णाबाईंनी तोवर पायरीवर पाय ठेवलाही होता. हरीओमने खाली उतरून त्यांना वर चढवलं. त्या बादल आणि खिडकी यांच्यामध्ये बसल्या, पिशवी बादलच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "सीट उच्ची हाय, पन खेड्यापाड्यातली गाडी म्हनल्यावर चालाचंच." हरीओम मागे हौद्यात गेला. तिथून त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या.

मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे नानाजी कोणालाही कलमासकट सांगू शकले असते. म्हणून पुढच्या फाट्यावर पाय पुन्हा आपोआप दाबला गेला, तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं काढून आधीच बजावलं, "ही गाडी माल घेऊन चालली. कोनी चढू नोका."

पण तिथे हायस्कूलची पंधरा-सोळा पोरं उभी होती. पोरांना नानाजी ठाऊक होते आणि मागे बाक दिसत होते. कायद्याचं वाक्य संपायच्या आत निम्मी पोरं चाकावर पाय देऊन वर गेली होती. त्यांना उतरवायला ग्यानबा सर पुढे झाले. ते त्याच शाळेवर शिकवत आणि रोज याच फाट्यावरून बसत. "उतरा रे," असं म्हणत ते स्वतः वर चढले, कारण खालून पोरांना आवाज पोहोचत नव्हता. वर गेल्यावर त्यांना दिसलं की पोरं ओळीने, सरळ पाठीने, हात पुढच्या फळीवर ठेवून बसली आहेत. दोन वर्षं सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या या पोरांना त्यांनी इतकं शिस्तीत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना पुढे बोलवेना.

"हे बेंच आपलेच हायेत ना, सर?" एका मुलीने विचारलं.

"हो."

"मंग आमी आमच्याच जागेवर बसून राह्यलो."

 नानाजींनी मागे वळून निर्वाणीचं सांगितलं, "बसले तं बसले. पन एक बी उभा राहू नोका. आन मी वीसच्या वर जात नाही."

हरीओमने दोन थापा मारल्या. साडेदहा वाजून गेले होते आणि ग्यानबा सरांना उशिराची हजेरी आवडत नसे. हजेरीपट पिशवीत होताच. ट्रक वीसच्या चालीने निघाला आणि पिवळ्या पडलेल्या सोयाबीनच्या शेतांमधून, गच्च आभाळाखाली, एकामागून एक आवाज जाऊ लागले.

"हजर, सर."

"हजर, सर."

"संस्कृती कुठी हाय?"

"ते पुढच्या फाट्यावर चढन, सर."

अशा रीतीने पुढच्या फाट्यावर थांबणं भागच पडलं. तिथे संस्कृती चढली, तिची धाकटी बहीण चढली, भाजीची टोपली घेतलेल्या दोन बाया चढल्या आणि एक शेळीवालाही चढू लागला. सरांनी शेळीला हरकत घेतली. रंग नवा होता. शेळीवाला म्हणाला की शेळी उभीच राहील, तिला बाकाचं काही नाही. हरीओमने त्याला हात जोडून खाली उतरवलं. आता त्याला कोणाचाच राग येत नव्हता. बारा वाजता केनवडचा नवीन येईल, तो एकटा येईल, त्याच्याबरोबर कोणी नसेल, एवढंच त्याला दिसत होतं.

तिकडे मंगरूळपीरला गुलाम नबी मोबाईलवर गाडीचा ठिपका पाहत बसले होते. ठिपका थोडा चाले आणि थांबे, थोडा चाले आणि थांबे. त्यांनी बादलला फोन लावला.

"गाडी खराब झाली का रे?"

"नाही, सेठ. गाडी एकदम चांगली हाय."

"मंग घडीघडी थांबून काहून राह्यली?"

आपण स्टेअरिंग दुसऱ्याला दिलं हे बादलला सांगता येईना. त्याच्या मांडीवर मनकर्णाबाईंची पिशवी होती. "रस्ता खराब हाय," तो म्हणाला.

"आन पोट्टा? कामात हाय का?"

बादलने आरशात पाहिलं. हरीओम एका लहान मुलीला बाकावर नीट बसवून तिचं दप्तर पायाशी ठेवत होता. "लय कामात हाय," बादल म्हणाला.

गुलाम नबींना हे काही ठीक वाटलं नाही. त्यांनी मोटारसायकल काढली. पहिल्या फाट्यावर त्यांनी विचारलं, "ट्रक गेला का इकून?" निवाऱ्यातला माणूस म्हणाला, "अर्धा घंटा झाला. आमचा चुकला. दुसरा कवा हाय?" पुढच्या फाट्यावर शेळीवाला भेटला. त्याने सरळ तक्रारच केली, की तुमचा कंडक्टर माणूस पाहून चढवतो. गुलाम नबींनी गाडीचा वेग वाढवला.

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिका वैजयंती मॅडम घड्याळ पाहत उभ्या होत्या. बाक यायचे होते, एक शिक्षक यायचे होते आणि निम्मी मुलं यायची होती. सगळं एकदम आलं. ट्रक थांबला. हौद्यात एक पूर्ण वर्ग बसला होता आणि ग्यानबा सर उभे राहून गणित सांगत होते.

"सर, हजेरी?" मॅडमनी खालून विचारलं. याशिवाय काय विचारावं हे त्यांना कळलं नाही.

"झाली, मॅडम."

हौद्याचा मागचा फाळका उघडला, पण पोरं उतरायला तयार होईनात. त्यांनी बाक निवडले होते. आपण उतरलो आणि आपला बाक नववीच्या वर्गात गेला तर, अशी त्यांना शंका होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मॅडमनी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी नानाजी खाली उतरले, सरांकडून खडू घेतला आणि प्रत्येक बाकाच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही असं, ज्याचं त्याचं नाव लिहून दिलं. मग पोरं उतरली. हरीओम एकेकाला उचलून खाली ठेवत होता. शेवटचं पोरगं खाली ठेवलं तेव्हा समोर मोटारसायकल उभी होती आणि गुलाम नबी हेल्मेट काढत होते.

 ते आधी हौद्यात चढले. ओळीतून फिरले, एकेका बाकाच्या पायाला हात लावला, रंगावरून बोट फिरवलं. मग खाली येऊन त्यांनी विचारलं, "गाडी कोनं चालवली?"

बादल पुढच्या टायरकडे पाहू लागला.

"मी," नानाजी म्हणाले. "चूक झाली. लोकं चढवाले नाही पाह्यजे होतं."

"पहिली चूक माही हाय," बादल म्हणाला. "ष्टेरिंग मी देलं."

"ते मंग पाहू," गुलाम नबी बादलकडे वळून म्हणाले. "आधी सांग, पोट्टा कसा हाय? हो का नाही?"

 बादलने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"पोट्टा सोन्यासारखा हाय, सेठ. एका लेकराले खरचटू देलं नाही. उलटून बोलला नाही. मी आजच घेतो त्याले." तो थांबला. "पन त्याच्यासंग बाप येते."

गुलाम नबींनी दाढीवरून हात फिरवला. "मानसं तं माह्या गाडीत पुन्हा चढली नाही पाह्यजे," ते म्हणाले. "ते पक्कं. पन बादल, बेंचाची खेप तू कितीक डाव नेली? पाय मोडल्याबिगर एक तरी गेली का? आज इतके लोकं बसून एक पाय हालला नाही. रंगाले ओरखडा नाही." ते नानाजींकडे वळले. "नानाजी, नवे पोट्टे शिकवाले मले असाच मानूस पाह्यजे होता. उद्यापासून या. हरीओम बी तुमच्याच हाताखाली शिकन. बाप घेतला म्हनजे बादलची तक्रार बी मिटली."

नानाजींचा चेहरा एकदम उजळला. तीन वर्षांत हरीओमने त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी पाठ सरळ केली, शर्ट खाली ओढला. हरीओमनेही मनाशी हिशेब केला. बाबांच्या हाताखाली म्हणजे मरणच होतं, पण कंपनी होती. सात आठवड्यांच्या आत होती. चाललं असतं.

मग नानाजींनी खिशातून डायरी काढली. चष्मा लावून पानं उलटली. डायरी मिटली.

"नोकरी मी करतो," ते म्हणाले. "पन पोराले या कंपनीत टाकत नाही."

"काहून?" गुलाम नबींनी विचारलं.

"राग नोका मानू. तुमी मले इचारलं का, डोळे कवा तपासले? बीपी हाय का? तीन वर्षं गाडीले हात नाही लावला, ते इचारलं? एका खेपेत पाहून मले उस्ताद केलं. अन ते बी कायदा मोडलेल्या खेपेत." नानाजींचा आवाज दुःखी होता. "मी चांगला निघालो ते तुमचं नशीब. पन जी कंपनी असा उस्ताद ठेवते, तिथं माहं पोरगं मी कसं देऊ?"

 शाळेच्या व्हरांड्यात बाक उतरवल्याचा आवाज येत होता. हरीओम उभा होता आणि त्याला सगळ्यात वाईट याचं वाटत होतं, की बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

बारा वाजून गेल्यावर केनवडचा नवीन मंगरूळपीरच्या ऑफिसात आला आणि पाच मिनिटांत लागला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिघं जेवायला बसले. भाकर होती, वांग्याची भाजी होती. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं.

"म्हनजे पोराले नोकरीले लावाले गेल्ते," त्या म्हणाल्या, "आन सोताच लागून आले."

"त्याच्यासाठी पाहूच ना आपन. कारंज्याले एक कंपनी हाय म्हनते."

"कवा पाहसान? सकाळी साताले जासान, अंधार पडल्यावर येसान."

"रविवारी पाहीन."

"रविवारी हापिस बंद रायते, बाबा," हरीओम ताटाकडे पाहत म्हणाला.

नानाजींचा हात भाकरीवर थांबला. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी पुढच्या रविवारचा विचार केला, त्याच्या पुढच्या रविवारचा केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं वाईट वाटणं पसरलं. अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "मंग तूच एकटा पाहून ये, हरीओम. तुले जे बरं वाटन ते. आता मले नाही येता येत तुह्यासंग."

दोन वर्षं हरीओम या वाक्याची वाट पाहत होता. ते आता, भाजीला हात लावता लावता, असं सहज आलं.  चेहऱ्यावरचं हसू दिसू नये म्हणून त्याने मान अगदी ताटात घातली. त्याचे खांदे हलत होते.

नानाजींना ते पाहवलं नाही. त्यांनी डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"असा जीव लहान नोको करू. मी उद्याच सेठले सांगतो. तुह्यासाठी आठवड्यातून एक दिवस बिनपगारी सुट्टी टाकीन."

"नोका, बाबा," हरीओम मान वर न करता म्हणाला. "नवीन नोकरी हाय तुमची. सुट्ट्या टाकू नोका."